पुराच्या मदतीबद्दल फिरणारा तो मेसेज पुढं पाठवू नका, त्यातलं बरंच चुकीचं आहे

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की कोल्हापुरातल्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. त्यात म्हटलंय की सरकारी मदत फक्त स्वतःचं घर असलेल्याला, भाडेकरूला नाही. रेशनकार्ड पांढरं असेल तर नाव कट. निवारा केंद्रात राहिला नाही तर पूरग्रस्त धरत नाहीत. महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) 65 मिलिमीटर पाऊस झाला नसेल तर शेतीला रुपया नाही. आणि पीक विमा असेल तर सरकारी मदत बंद. खाली "सर्वांना पाठवा". लोकं पाठवतात पण, भीतीपोटी. मला राग याचा येतो की हे वाचून दुधाळी, सुतारवाड्यासारख्या भागातली साधी माणसं "आपलं काय बसत नाही त्यात" म्हणून घरातला गाळ काढून गप्प बसतात आणि पंचनाम्याला पुढंच येत नाहीत.

सगळ्यात आधी 65 मिलिमीटरचं घेतो, कारण त्यानं शिरोळ तालुक्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतंय. चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस ही अट खरी आहे, पण ती अतिवृष्टी ठरवायला आहे, पूर ठरवायला नाही. जरा विचार करा, पाऊस पडतो गगनबावड्यात, राधानगरीत, शाहूवाडीत, धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात तिकडं, आणि ते सगळं पाणी येऊन बसतं खाली शिरोळात जिथं कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा सगळ्या एकत्र येतात. नृसिंहवाडी, कुरुंदवाडकडं वर ऊन पडलेलं असतं आणि खाली ऊस बुडालेला असतो. अशा ठिकाणी पर्जन्यमापकावर किती पाऊस दिसला हे विचारून काय उपयोग? राज्य सरकारच्या निर्णयांतच लिहिलेलं आहे की नदी-नाल्याच्या पुरानं पिकाचं नुकसान झालं असेल तर त्या मंडळात अतिवृष्टी झाली नसली तरी मदत देता येते, फक्त नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त पाहिजे. ही टक्केवारी आधी 50 होती, 2015 ला ती 33 वर आली. त्यामुळं "आमच्याकडं पाऊसच नव्हता" म्हणून कुणी घरी बसू नका. उसाचा शेंडा पाण्याखाली गेला, पोंगा (शेंड्यातली कोवळी पानं) कुजला की ते पीक गेलं, हे कृषी सहायकाला शेतात नेऊन दाखवा आणि पंचनाम्यात लिहून घ्या.

आता भाडेकरू. इथं दोन वेगळ्या मदती एकत्र करून गोंधळ घातलाय. घर पडलं किंवा भिंत ढासळली, त्याचे पैसे घरमालकाला, बरोबर आहे, घर त्याचं आहे. पण कपडे आणि भांडी वाहून गेली, खराब झाली, त्याची मदत कुटुंबाला असते, त्या घरात जे कुटुंब राहत होतं त्याला. गादी भिजली भाडेकरूची, धान्याचा डबा गेला भाडेकरूचा, मग पैसे मालकाला कसे जातील? केंद्र सरकारच्या आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 च्या निकषात कपड्यांना 2,500 आणि भांड्यांना 2,500 असे कुटुंबामागं होते, 2021 च्या पुरात राज्यानं स्वतःची भर घालून दोन्ही मिळून 10,000 दिले होते. ॲग्रीमेंट नसेल तर गॅसचं पुस्तक, पोरांच्या शाळेचा कागद, आधारवरचा पत्ता, शेजाऱ्यांची सही, जे असेल ते पंचनाम्याला पुढं करा आणि मालक काय म्हणतोय याच्यावर थांबून राहू नका.

इथं एक गोष्ट मात्र मान्य करायला पाहिजे. घरात दोन दिवसांपेक्षा जास्त पाणी ही अट निकषात आहेच, 2019 ला त्यावरून केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल. 2021 ला राज्यानं ती शिथिल केली, पण दर वेळी करतीलच असं धरून चालू नका. पाणी कधी शिरलं, कधी उतरलं, त्याचे फोटो तारखेसकट ठेवा, भिंतीवरची पाण्याची खूण पंचनामा होईपर्यंत धुऊ नका.

निवारा केंद्राचं तर मेसेजमध्ये पार उलटं लिहिलंय. निर्वाहासाठी जो भत्ता असतो, 2019 ला मोठ्या माणसाला दिवसाला 60 आणि लहान पोराला 45 रुपये, तो केंद्रात न राहणाऱ्यांसाठीच होता, कारण केंद्रात असलेल्यांना जेवण सरकार देतंच. पाहुण्यांकडं गेलेली बाई, पोरं घेऊन माहेरी गेलेली बाई, ती पण पूरग्रस्तच.

रेशनकार्डाच्या रंगाचा विषय एका ओळीत संपतो: कपडे-भांडी आणि घरपडझडीच्या मदतीला उत्पन्नाची अट नाही. ही अफवा बहुतेक 2021 च्या दुकानदारांच्या मदतीवरून आली असावी. तिथं नुकसानीच्या 75 टक्के किंवा 50,000 यातलं जे कमी असेल ते मिळणार होतं, आणि स्थानिक मतदार यादीत नाव, रेशनकार्ड, अधिकृत दुकान अशा अटी होत्या. कार्ड पाहिजे होतं, पण पिवळंच किंवा केशरीच पाहिजे असं नव्हतं.

विम्याचं पण तसंच. पीक विमा हा कंपनीशी केलेला करार, आपत्तीची मदत वेगळी, एक घेतली म्हणून दुसरी जात नाही. आणि आपल्याकडं बहुतेकांचा ऊस, तो आपल्या राज्यात प्रधानमंत्री पीक विमा योजनेत नाहीच, मग ऊसवाल्याला हा मेसेज कशाला घाबरवतोय?

खरा अन्याय कुठं आहे ते या मेसेजमध्ये कुठंच नाही. पिकाची मदत सातबारावर जाते, त्यामुळं खंडानं, वाट्यानं शेती करणारा, ज्याचं खत-बियाणं आणि घाम गेला, तो हात हलवत राहतो. आज्याच्या नावावरचा सातबारा, वारस नोंद झालेली नाही, सामाईक खात्यात भावांचं संमतीपत्र मिळत नाही, याच्यात कितीतरी घरांचे पैसे अडकतात. आणि रक्कम तरी किती? बागायतीला केंद्र सरकारच्या 2022 ते 2026 च्या निकषानं हेक्टरी 17,000, म्हणजे गुंठ्याला साधारण 170 रुपये, ते पण दोन हेक्टरपर्यंत. दुभती म्हैस गेली तर त्याच निकषानं 37,500, आज त्यात चांगली म्हैस येते का सांगा. ग्रुपवर ओरडायचंच असेल तर याच्यावर ओरडा, मी पण येतो.

आत्ता करायचं काय, तर पंचनाम्याच्या वेळी घरातलं एक माणूस तिथं पाहिजेच. नंतर यादी ग्रामपंचायतीत किंवा चावडीवर लागते, ती जाऊन बघा, नाव असेल तर व्हीके नंबर (यादीत नावासमोर असलेला विशिष्ट क्रमांक) घेऊन आपले सरकार केंद्रात केवायसी, म्हणजे आधारची पडताळणी करा, ती राहिली तर पैसे अडकू शकतात. नाव नसेल तर तहसीलदारांच्या नावानं लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय तिथनं हलू नका.