चिमट्याची काठी

परवा एका मित्राशी कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, पुढची साथ आली की पहिल्याच दिवशी सगळं बंद करायचं, आपल्या लोकांना दांडक्याशिवाय कळत नाही. २०२० मध्ये, कोरोनात, मीही हेच बडबडत होतो. सोफ्यावर बसून, घरात महिन्याचा किराणा भरलेला.

तेव्हा मी सोसायटीच्या कमिटीत होतो. कामवाल्या मावशींना गेटबंदी, या नोटिशीवर माझीही सही आहे. ऑनलाइनची खोकी मात्र रोज आत येत होती! मावशी पगार घ्यायला आल्या, तर वॉचमनने त्यांना रस्त्यापलीकडे उभं केलं आणि लांब काठीच्या टोकाला कपड्यांचा चिमटा बांधून पाकीट पुढे केलं. "अहो दादा, मासे पकडताय का?" म्हणत त्या हसल्या. मला मात्र कुठे बघावं कळेना.

आपण पुणेकरांनी तरी हे विसरू नये. १८९७ च्या प्लेगात इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत, पार देवघरापर्यंत घुसले. लोक काय करणार? रोगी लपवू लागले. लपवलेला रोगी म्हणजे घरभर प्लेग. टिळकांनी 'केसरी'तून या जुलमावर कोरडे ओढले, पण स्वतः शहर सोडलं नाही, प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळही उभं केलं. रोगी वेगळा ठेवायला त्यांची ना नव्हती. सावित्रीबाई तर रुग्णसेवा करतानाच प्लेगने गेल्या, १० मार्च १८९७ ला. त्या वर्षी इंग्रजांनी केलेला साथरोग कायदाच आपण २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला, बरं का.

मास्क, लग्नातली गर्दी, सभा यांवर खुशाल कडक व्हा, दंड लावा. (नेत्यांच्या सभांनाही, हे वेगळं सांगायला नको.) पण माणसाला घरात कोंडायचं तर आधी त्याच्या चुलीचं बघा. धारावीतही लोकांना घरातून उचलून शाळांमध्ये ठेवलंच की, तेही कडकच होतं. पण तिथे जेवण होतं, डॉक्टर होते, दारोदार जाऊन ताप तपासणारी माणसं होती. उलट २४ मार्चला रात्री आठला घोषणा आणि बाराला देश बंद! हातावर पोट असलेल्याने चार तासांत काय करायचं होतं? ८ मे ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. चालत गावी निघाले होते.

मित्र म्हणतो, मी भावनिक होतोय. असेन.

मावशी अजून आमच्याकडेच येतात. ती काठी वॉचमनच्या केबिनमध्ये पडून असते, झाडात अडकलेलं शटल काढायला पोरं नेतात.