सार्जंट पेपर 'नशेत झाला' म्हणे

बीटल्स या इंग्लिश बँडच्या 'सार्जंट पेपर' या अल्बमबद्दल एक पोस्ट परत फिरायला लागलीये. म्हणे चार पोरांनी एलएसडी घेऊन घातलेला गोंधळ, नशा नसती तर अल्बम झालाच नसता, 'ल्युसी इन द स्काय विथ डायमंड्स' (आद्याक्षरं एल-एस-डी) हे गाणं म्हणजे नशेची उघड जाहिरात आणि सितार वगैरे नुसती हिप्पी फॅशन.

घ्यायचे, कबूल. बीटल्समधल्या मॅकार्टनीने १९६७ च्या जूनमध्ये जाहीरच सांगितलं होतं. पण त्याच वर्षी २१ मार्चच्या रात्री त्याचा साथीदार लेननने स्टुडिओत चुकून एलएसडी घेतली, त्याला वाटलं तरतरी आणणारी गोळी आहे, आणि मग काय अजरामर संगीत झालं का, तर छे, त्याला कसंतरी व्हायला लागलं, निर्माता जॉर्ज मार्टिनला बिचाऱ्याला काहीच माहीत नाही म्हणून तो त्याला हवा खायला थेट गच्चीवर घेऊन गेला, आणि बाकीच्यांची ट्यूब पेटल्यावर ते धावत वर, कारण कठडा बुटका! लेननचं त्या रात्रीचं काम तिथेच संपलं.

खरी मेहनत टेपवर आहे. मशीनला ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे टिपायच्या पट्ट्या, चारच. ते भरले की एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे म्हणजे जागा होते, पण एकदा एकत्र केलं की परत सुटं होत नाही, ड्रम बारीक वाटले तर बसा बोंबलत. याच अल्बममधल्या 'अ डे इन द लाइफ' गाण्यामध्ये मधले २४ बार (तालाचे तुकडे) रिकामे सोडलेले, त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्स मोठ्याने आकडे मोजत बसला आणि शेवटी गजर लावला, तो गजर रेकॉर्डवर अजून ऐकू येतो. नंतर ४० वादक बोलावून त्यांना सांगितलं की सगळ्यात खालच्या सुरापासून वरपर्यंत चढत जा, शेजाऱ्याकडे लक्ष देऊ नका. हे तर्र होऊन जमतं का कोणाला?

ल्युसीचं म्हणाल तर लेननच्या मुलाने, ज्युलियनने, वर्गातल्या मैत्रिणीचं चित्र काढून आणलं होतं, नाव तिथून आलं. गाण्यावर एलएसडीची छाया आहे हे मॅकार्टनी नंतर स्वतःच म्हणाला, पण आद्याक्षरांचं गुपित वगैरे काही नाही. आणि बीबीसीने बंदी घातली ती 'अ डे इन द लाइफ'वर, ल्युसीवर नाही.

सितारीला फॅशन म्हणणाऱ्यांची मात्र कमाल आहे. बीटल्सचा गिटारवाला हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरात मुंबईत येऊन रविशंकरांकडे रियाझ करत होता. अल्बममधल्या त्याच्या 'विदिन यू विदाउट यू' गाण्यामध्ये बाकीचे तिघे बीटल्स वाजवतच नाहीत, आहेत ते लंडनमधले भारतीय वादक, आणि दिलरुबाची (गजाने वाजवायचं भारतीय तंतुवाद्य) मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, इंग्लिश व्हायोलिनवाल्यांकडून काढून घेताना मार्टिनला घाम फुटला असणार. त्या भारतीय वादकांची नावं मूळ रेकॉर्डच्या कव्हरवर नाहीत. पोस्ट टाकायचीच असेल तर त्यावर टाका की.