७१ पर्सेंटाइलवाल्या पोराचं काय करायचं?

राजेहो, सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की आमच्या तालुक्याच्या गावात चौकात क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात, नव्व्याण्णववाल्या पोरांचे. आणि माझ्या झेरॉक्स-ऑनलाइनच्या दुकानात एकाहत्तरवाली, चोपन्नवाली पोरं मायबापासोबत येऊन बसतात. फ्लेक्सवाल्यांबद्दल लिहायला पेपरवाले आहेत. मी या दुसऱ्यांबद्दल लिहितो.

बापाचा पहिला प्रश्न ठरलेला. "एकाहत्तर टक्के म्हणजे फर्स्ट क्लासच झाला ना भाऊ?" पोरगं खाली मान घालून मोबाइलची स्क्रीन शर्टाला पुसत राहतं. मग मी सांगतो की हे टक्के नाहीत. शंभर पोरं परीक्षेला बसली असं धरा, त्यात साधारण सत्तर-एकाहत्तर याच्या मागं आहेत आणि एकोणतीस पुढं. बापाचा चेहरा पडतो, कारण त्याला पुढचे एकोणतीसच दिसतात. आता हिशेब असा आहे की सगळ्या महाराष्ट्रानं रात्रंदिवस अभ्यास केला तरी अर्धी पोरं पन्नासच्या खालीच राहणार. पर्सेंटाइल काढायची रीतच तशी आहे. तरी आपण प्रत्येक घरात विचारतो, "तुले नव्वद काहून नाही पडले?"

माझं मत स्पष्ट आहे. या पोरांना समजावायची गरज फार कमी असते, मोठ्यांना समजावायची जास्त. पोराला त्याचा नंबर कुठं लागतो हे अकरावीच्या पहिल्या टेस्टपासून माहीत असतं. धक्का बसतो तो मायबापाला, मामाला, काकाला. कापूस विकून क्लास लावलेला असतो, गावात "आमचा इंजिनिअरिंगले जाते" असं सांगून झालेलं असतं. ते दुःख खरं आहे, पण ते पोराच्या डोक्यावर उतरवायचं नसतं. निदान पेरणीच्या धांदलीत, चहाच्या टपरीवर, चार लोकांसमोर तरी नाही. आणि "तू डोक्यानं हुशारच आहेस, फक्त मेहनत कमी पडली" हे वाक्य तर बंदच करा. ऐकायला गोड वाटतं, पण पोरगं त्याचा अर्थ "मी आळशी आहे" एवढाच घेतं. काही पोरांनी खरंच जीव तोडून अभ्यास केलेला असतो आणि तरी एकाहत्तर पडलेले असतात. ते मान्य करायला घरातलं कोणी तयार नसतं.

माझा भाचा यातलाच. कॉलेजांची पसंती लिहायचा ऑप्शन फॉर्म भरायला बसलो तेव्हा आमचे जावई, म्हणजे त्याचे बाबा म्हणाले, पुण्याची कॉलेजं वर टाका, ब्रँच कोणतीही चालेल. पोरगं काही बोललं नाही. जावई बियाणं आणायला कृषी केंद्रात गेले तेव्हा त्यानं खिशातून एक घडी केलेला कागद काढला. कृषी केंद्राच्याच बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं तीन रकाने पाडले होते: फी, खोली आणि मेस, घरी यायचं बसभाडं. पुणे, नागपूर, अमरावती, यवतमाळ. पुण्यापुढचा आकडा दोनदा खोडून पुन्हा लिहिलेला. "मामा, बाबाले सांगसान का? एवढं आपल्याले झेपत नाही." मला वाटत होतं पोराला कशाची जाणीव नाही. त्यानं घरातल्या कोणाहीपेक्षा पक्का हिशेब केला होता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

जावई परत आल्यावर मी तो कागद त्यांच्यापुढं ठेवला. थोडं गरम झाले, मग स्वतःच आकडे तपासत बसले. बेरजेत एक चूक निघाली ती दुरुस्त केली. यादी बदलली.

आता 'रिपीट'बद्दल. निकालाच्या संध्याकाळी दर तिसरा माणूस म्हणतो, "एक वर्ष गॅप घेऊ द्या, पुढच्या साली काढते." पेपरच्या वेळी ताप होता, घरात कोणी गेलं, अशी कारणं असतील तर जरूर घ्या. पण दोन वर्षं नियमित क्लास करून एकाहत्तर आले असतील तर तिसऱ्या वर्षी नेमकं काय वेगळं होणार, हे आधी पोराला विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐका. बाहेर खोली, मेस, क्लासची फी, आणि सोबतचे सगळे मित्र पुढं गेलेले. ते वर्ष एकट्यानं काढायचं असतं.

दुसऱ्या वाटा आपल्याकडं कमीपणाच्या मानतात. बारावी सायन्स झालेल्या पोराला पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. यवतमाळ, अमरावती, खामगाव, मूर्तिजापूर, वाशिम, आर्वी इथं सरकारी तंत्रनिकेतनं आहेत. डिप्लोमा झाला की त्याच्या मार्कांवर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पुन्हा सीईटी नाही. म्हणजे दोन आणि तीन, पाच वर्षं. रिपीटचं एक वर्ष आणि डिग्रीची चार धरली तर तिकडंही पाचच होतात! ज्या पोराचं एका दिवसाच्या परीक्षेत जमत नाही पण वर्षभर नीट काम करतं, त्याच्यासाठी हा रस्ता मला जास्त सरळ वाटतो. बापाला मात्र "डिप्लोमा" म्हटलं की सोयरिकीतल्या लोकांना काय सांगायचं याची चिंता लागते. काय सांगायचं ते सांगा बापा, फी लोक भरणार नाहीत.

पैशाचंही नीट बघा. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तरी "पोरीले एवढं शिकवाचं कायले" म्हणत साध्या कोर्सला टाकणारे आहेतच. मुलामुलींसाठी टीएफडब्ल्यूएस या फी माफी योजनेच्या जागा असतात, तिथं शिक्षण फी माफ, पण फॉर्ममध्ये त्या जागेचा चॉइस कोड वेगळा टाकावा लागतो. कोणी टाकतच नाही. आणि प्रवेशाच्या पहिल्या फेरीत एक नंबरला लिहिलेलं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीज होते, म्हणजे पुढच्या फेरीत बदलता येत नाही, तेव्हा एक नंबरला नुसतं शोभेचं नाव लिहू नका.

या दिवसांत गावात गाडी घेऊन येणाऱ्या कॉलेजांच्या एजंटांपासून सांभाळा. "ओरिजिनल टीसी द्या, सीट पक्की, फी नंतर पाहू" म्हणतात. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटला या सवलती मिळत नाहीत हे ते सांगत नाहीत. पुढं नाव काढायचं म्हटलं तर तीच टीसी सोडवायला चकरा माराव्या लागतात. ओरिजिनल कागद कोणाच्या हाती द्यायचे नाहीत, ओळखीचा असला तरी.

आणि पोराकडं लक्ष ठेवा. जेवायला बसत नाही, मित्रांचे फोन घेत नाही, रात्री अंगणात फिरत राहतं, तर भाषण देऊ नका. वावरात सोबत न्या, बोलेल तेव्हा ऐका. बोलणं उलटंसुलटं वाटलं, जीव नकोसा झाल्यासारखं काही कानावर आलं, तर त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. यात लाज कसली.

ज्यांचं नॉन क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला किंवा जात पडताळणीची पावती बाकी आहे त्यांनी आधी सेतूवर जा, तिथं आताच रांग लागली आहे. माझ्याकडं सकाळी या, दुपारनंतर साइट हळू चालते. सोबत काका, शेजारी, सरपंच कोणी नको. पोराला मात्र आणा. ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येते.