सरकार बंद पडलं तेव्हा सांगलीहून फोन आला

2025 च्या ऑक्टोबरमधली गोष्ट, मी इथे अमेरिकेत. सांगलीहून दादाचा फोन, "काय रे, तुमचं सरकारच बंद पडलंय म्हणे? पगारबिगार मिळतोय ना?" म्हटलं दादा, मी सरकारी नोकर नाही, आणि बंद म्हणजे शटर ओढून कुलूप असं नसतं, खर्चाचं बिल पास झालं नाही की काही खाती थांबतात आणि बाकीचे लोक बिनपगारी राबत बसतात. "पण भांडण कशावरनं?" म्हटलं, आरोग्य विम्यावरनं. दादा खो खो हसला. "विम्यावरनं सरकार बंद? आमच्याकडं आमदार सुरतेला गेले की सरकार पडतं."

हसण्यासारखं आहेच. पण तो फोन ठेवल्यापासून डोक्यात हेच चाललंय.

भांडण असं होतं की कोविडच्या काळात, 2021 मध्ये, ओबामाकेअर म्हणजे ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याच्या बाजारातून स्वतःचा विमा घेणाऱ्यांची सबसिडी वाढवली होती, तिची मुदत 2025 अखेर संपत होती. डेमोक्रॅट म्हणाले आधी ती वाढवा, रिपब्लिकन म्हणाले आधी सरकार चालू करा मग बघू. 43 दिवस हे चाललं, इतका लांब शटडाऊन त्याआधी कधी झाला नव्हता, आणि 12 नोव्हेंबरला सरकार उघडलं तेव्हा सबसिडी होती तिथेच लटकलेली. ती 31 डिसेंबरला संपली. इथे न्यू जर्सीत माझा एक मित्र नोकरी सोडून स्वतःचं छोटं अकाउंटिंगचं काम करतो, त्याच्या चौघांचा हप्ता जानेवारीपासून दुपटीच्या वर गेला. तो दोन्ही पार्ट्यांना एकाच दमात शिव्या घालतो, ऑफिसात लंच टेबलावरही तेच, हे लोक काही करतच नाहीत, नुसते भांडतात.

इथली पब्लिक अधीर आहे हे खरं, पण ती नेमकी कुणावर चिडते याची गंमत आहे. ओबामांनी मार्च 2010 मध्ये कायद्यावर सही केली, त्यातला मोठा भाग, म्हणजे आधीचा आजार असला तरी विमा नाकारायचा नाही वगैरे, लागू होणार होता 2014 ला. आणि निवडणूक होती नोव्हेंबर 2010 मध्ये. फायदा कुणाला दिसायच्या आधीच लोकांनी त्यांच्या पार्टीच्या 63 जागा घालवल्या. मग रिपब्लिकन सात वर्षं रद्द करू रद्द करू म्हणत राहिले, 2017 मध्ये हातात सगळं होतं तर त्यांच्यातल्याच सिनेटर मॅकेननी रात्री दीडच्या सुमाराला अंगठा खाली केला आणि 51 विरुद्ध 49 ने ते बारगळलं. त्याच्या जागी काय आणणार हे धड कुणी सांगितलं नव्हतं म्हणा.

आणि जे काम भांडणाशिवाय होतं त्याची इथे कुणी दखलच घेत नाही. 2019 मध्ये मुतखड्याने मी इमर्जन्सीत सहा तास विव्हळत होतो. हॉस्पिटल माझ्या विम्याच्या नेटवर्कमधलं, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेलं, पण सीटी स्कॅन वाचणारा डॉक्टर म्हणे नेटवर्कबाहेरचा, त्याचं वेगळं बिल दोन महिन्यांनी घरी. त्याआधी विमा कंपनीचे तीन कागद आले होते, प्रत्येकावर ठळक अक्षरात "हे बिल नाही". (बिल नाही तर पाठवता कशाला बाबा.) तर असल्या अचानक बिलांवर बंदी घालणारा कायदा डिसेंबर 2020 मध्ये दोन्ही पार्ट्यांनी मिळून केला, 2022 पासून लागू झाला. आमच्या लंच टेबलावर तो कुणाला माहीतही नव्हता.

आता दादाची बाजू. तो म्हणतो आमच्याकडं बघ, फेब्रुवारी 2017, एका रात्रीत हृदयाच्या रक्तवाहिनीत घालायच्या स्टेंटच्या किमती खाली, औषध लावलेला स्टेंट तीस हजाराच्या आत. खरं आहे, आणि मला इथे बसून त्याचा हेवा वाटतो, कारण इथे 2003 च्या कायद्याने मेडिकेअरला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याला, औषध कंपन्यांशी भाव करायलाच मनाई होती, ती 2022 मध्ये थोडी उठली आणि पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले भाव सुरू झाले जानेवारी 2026 ला. भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या आपल्या माणसाला हे समजावून सांगणं अवघड आहे.

पण ते "एका रात्रीत" सुद्धा तसं नव्हतं, आधी दिल्ली हायकोर्टात याचिका झाली होती, मग स्टेंट आवश्यक औषधांच्या यादीत आला, मग दर ठरला. आणि 2018 मध्ये अण्णांना स्टेंट घातला तेव्हा दादाच काउंटरवर उभा होता, विसरलाय तो. स्टेंट स्वस्त, पण प्रोसिजर चार्ज, कन्झ्युमेबल्स, आणि काय काय ओळी. आधी डिपॉझिट भरा मग पेशंट आत. फुले योजनेबद्दल विचारलं तर "योजनेचे बेड फुल आहेत". आता तर ती योजना पाच लाखांपर्यंत आणि सगळ्यांसाठी असा निर्णय 2023 लाच झालाय, फ्लेक्स मी सुट्टीत आलो तेव्हा प्रत्येक चौकात बघितले, फोटो मोठे आणि फोन नंबर बारीक.

आपल्याकडची अधीरता योजनेची घोषणा झाली की शांत होते, हे मला जास्त खुपतं. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की 2025 पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवर नेऊ. 2025 आलं आणि गेलं. आमच्या फॅमिली ग्रुपवर त्या वर्षी नेहरूंवरून, औरंगजेबावरून, हिंदीच्या सक्तीवरून रक्त आटवलं लोकांनी, मीही आटवलं, पण या अडीच टक्क्यांवर एक फॉरवर्ड आला नाही. कुठली पार्टी याच्या बाजूने आणि कुठली विरोधात हे मला आजही सांगता येणार नाही, कारण विरोधात कुणीच नाही, सगळ्यांचा पाठिंबा आहे आणि काम होत नाही.

म्हणून शटडाऊनने वैतागलो तरी मला ते भांडण पूर्ण फालतू वाटत नाही. कोण अडवतंय, कशासाठी, कुणाचा हप्ता किती वाढणार, हे निदान मतांच्या आकड्यासकट समोर येतं. अर्थात भांडणाऱ्या सिनेटरांचा पगार आणि विमा चालूच असतो, त्यामुळे त्यांना 43 दिवस परवडतात, माझ्या मित्राला परवडत नाहीत. त्याने शेवटी सगळ्यात स्वस्त प्लॅन घेतला, डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागायच्या आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, इतका की वर्षभर कुणी आजारी पडायचं नाही असं घरात ठरलंय.

हे सगळं मी दादाला सांगितलं, बराच वेळ लागला. तो म्हणाला, "ते जाऊ दे, मुतखडा परत झाला तर सरळ इकडं ये, तिकीट धरूनसुद्धा स्वस्त पडंल."

हिशोब केला मी. पडतं.