फुकटची बाटली आणि शेंगदाण्याएवढं मलम

आज डोकं फिरलंय, त्यामुळं थोडं तिखट लागेल.

शहरातल्या एका जलतरण तलावावर कुणीतरी फुकट सनस्क्रीनची बाटली बसवलीय. चांगलंच केलं. पण कुठं? पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या पेटीत, मे महिन्यात! अल्बिनिझम (कातडीत जन्मतःच रंगद्रव्य जवळजवळ नसणं) असलेल्या सात-आठ वर्षांच्या नातवाला घेऊन आलेल्या आजीनं पंप दाबला, तर आधी पिवळट पाणी आणि मग गुठळी. त्यातलं शेंगदाण्याएवढं तिनं पोराच्या गालाला चोळलं. वर वॉचमनचा सल्ला, "आजी, लय नका घेऊ, बाकीच्या लोकायला पुरलं पाहिजे." पोरगं तसंच पाण्यात.

अहो, ट्यूबवर छापलेला एसपीएफ, म्हणजे उन्हानं कातडी भाजण्यापासून किती बचाव होतो त्याचा आकडा, मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम मलम लावून. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला साधारण 30 मिली लागतं, या पोराला त्याच्या निम्मं. नुसत्या चेहऱ्याला आणि मानेला तर्जनी अन् मधलं बोट भरून दोन रेघा. शेंगदाण्याएवढ्यात एसपीएफ 50 चा आकडा कागदावरच राहतो. 50 ग्रॅमची ट्यूब त्या पोराला तीन वेळा पुरेल. महिनाभर पोहायचं असेल तर त्या आजीनं विकत आणायची तरी कुठून? म्हणून फुकट द्यायलाच पाहिजे, यावर माझ्या पोस्टखाली वाद नको.

हो, आपल्या सावळ्या कातडीला उन्हामुळं होणारा कॅन्सर गोऱ्या लोकांपेक्षा खूप कमी होतो, मान्य. पण ज्याच्या कातडीत मेलॅनिन (तेच ते रंगद्रव्य) जवळजवळ नाहीच, त्या पोराला हे कुणी सांगायचं?

बाहेर हे काही नवं नाही. बोस्टन आणि मायामी बीचनं 2015 मध्येच बागांत, किनाऱ्यावर फुकटचे पंप लावले. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोरला 1992 पासून साडेचार वर्षं 1621 लोकांवर अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात कातडीच्या स्क्वॅमस सेल प्रकारच्या कॅन्सरच्या गाठी सुमारे 40 टक्क्यांनी कमी निघाल्या. पण तिथं रोज लावायचे, गुठळी चोळून मोकळे होत नव्हते.

आता बाटली बसवणाऱ्यांनी ऐकावं. बहुतेक सनस्क्रीनवर 30 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडं बाहेर 42, पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त. तेल-पाण्याचं मिश्रण फुटतं, पंपाच्या तोंडाशी मलम वाळून बसतं, आणि आजीला मिळालं तेच मिळतं. कपडे बदलायच्या खोलीत, सावलीत बसवा. रात्री डबा आत न्या. फोडल्याची तारीख मार्करनं लिहा. रंग किंवा वास बदलला की टाकून द्या. एका दाबात किती मिली येतं ते एकदा मापाच्या कपात मोजा आणि भिंतीवर ठळक लिहा: मोठ्यांना इतके दाब, लेकरांना इतके. एक लिटरच्या डब्यात मोठ्यांची तीसेक अंगं होतात, या हिशोबानं भरा. 'ब्रॉड स्पेक्ट्रम' (यूव्हीए आणि यूव्हीबी, उन्हातली दोन्ही अतिनील किरणं अडवणारं), पाण्यात टिकणारं, 30 किंवा त्याहून जास्त एसपीएफचं घ्या. एसपीएफ 30 कातडी भाजणारी यूव्हीबी किरणं सुमारे 97 टक्के अडवतो, एसपीएफ 50 सुमारे 98 टक्के, म्हणून मोठ्या आकड्यासाठी पैसे घालवण्यापेक्षा डबे जास्त घ्या.

पाण्यात उतरायच्या 15-20 मिनिटं आधी लावायचं. दर दोन तासांनी पुन्हा, आणि टॉवेलनं पुसलं की लगेच.

त्या वॉचमनवर राग धरून तरी काय करू? त्याला कुणी सांगितलंच नाही. तोही दिवसभर त्याच उन्हात बसतो, अन् बागेतला माळीही. त्यांनाही त्यातलं द्या, हातरुमालाएवढी सावली करून द्या.

आणि खरं सांगायचं तर त्या पोराला मलमापेक्षा सातची बॅच, पूर्ण बाह्यांचा पोहायचा ड्रेस आणि रुंद काठाची टोपी जास्त कामाची. मेच्या तिसऱ्या आठवड्यात संभाजीनगरात दुपारी सावली पायाखालीच सापडते. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की समजायचं, किरणं तेज आहेत. त्या वेळी त्याची बॅच अकराची होती. कारण सातची म्हणे 'मेंबर' लोकांसाठी राखीव!