"कुठल्या पक्षाचं?"

सांगलीत पुस्तकांचा स्टॉल लावला की दर वेळी तेच. माणूस पत्री सरकारवरचं, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातल्या इथल्या प्रतिसरकारवरचं पुस्तक उचलतो, उलटून मागचं पान बघतो आणि पहिला प्रश्न, "हे कुठल्या पक्षाचं?" अहो, १९४३ ते १९४६ इथल्याच गावांनी इंग्रजांना न जुमानता स्वतःची न्यायदान मंडळं चालवली! या सरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. पत्री सरकारचं केंद्र असलेल्या कुंडलला तर या पुस्तक उचलणाऱ्याचेच पाहुणे राहतात. तरी हात मागे. दुकानदारही तसेच, राजकीय म्हटलं की सगळ्यात खालचा कप्पा, स्पर्धा परीक्षेच्या गाईडांमागे. पारावर रात्री बारापर्यंत राजकारण चघळायचं आणि दीडशे रुपयांचं पुस्तक पुढं केलं की, "नको, आपल्याला राजकारणात रस नाही." जीव तुटतो हो!