मेंढ्या हाकलून माळ वाचत नाही

दर उन्हाळ्याच्या तोंडाला घरी फोन केला की तोच वाद निघतो, वनखात्याने माळावर चर खणले, झाडं लावली, मेंढपाळांना चराईबंदी केली. मग एक जण म्हणतो मेंढ्यांनीच माळ बोडका केला आणि दुसरा म्हणतो मग धनगरानं जायचं कुठं. मी राहतो अमेरिकेत कॅन्ससमध्ये, फ्लिंट हिल्सच्या कुरणांच्या भागात, आणि पोटापाण्याचं काम म्हणजे रँचर, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणाऱ्या लोकांच्या जमिनींचे नकाशे बनवणं, त्यामुळे या वादात मला गप्प बसवत नाही.

आधी इथलं सांगतो. अमेरिकेतलं उंच गवताचं रान, टॉलग्रास प्रेअरी, बहुतेक सगळं नांगराखाली गेलं, आता जेमतेम ४ टक्के उरलंय आणि त्यातला मोठा तुकडा इथं आहे. कारण साधं, मातीचा थर पातळ आणि खाली चुनखडी नि गारगोटी, नांगर चालतच नाही, म्हणून लोकांनी गुरं सोडली. म्हणजे कुणी कुंपण घालून 'निसर्ग' जपला म्हणून हे रान टिकलं नाही, गुरं चरत राहिली म्हणून टिकलं.

आणि दुसरी गंमत, इथं झाड हा शत्रू आहे! ईस्टर्न रेड सीडर नावाचं झाड कुरणात घुसलं की काही वर्षांत गवत संपतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये रँचर स्वतः कुरण पेटवतात, शेजारी शेजारच्याला मदतीला येतो, कॅन्सस सिटीपर्यंतची माणसं धुराने वैतागतात, ते भांडण वेगळंच. अडचण अशी की सगळं कुरण दर वर्षी जाळलं तर प्रेअरी चिकन नावाच्या पक्ष्याला घरट्यासाठी जुनं उंच गवतच उरत नाही, आणि रीगल फ्रिटिलरी फुलपाखराच्या अळ्या हिवाळाभर वाळक्या पाचोळ्यात बसलेल्या असतात त्या जळून जातात.

यावर उपाय निघाला तो मला फार आवडतो. सगळं जाळायचं नाही, कुरणाचे साधारण तीन भाग करायचे आणि दर वर्षी एकच भाग जाळायचा. जळलेल्या भागात कोवळं लुसलुशीत गवत फुटतं, गुरं आपोआप तिकडंच जातात, मध्ये तारेचं कुंपण लागत नाही. बाकीच्या दोन भागांना तेवढी विश्रांती मिळते, रानफुलं वर येतात, मोनार्क फुलपाखराला अंडी घालायला मिल्कवीड मिळतं, पक्ष्याला आडोसा मिळतो, आणि पुढच्या वर्षी जाळायला पुरेसं गवतही साठतं.

पण हे रँचरच्या गळी उतरवणं सोपं नाही. एक म्हातारेबुवा पिकअपमधून खाली न उतरताच म्हणाले, "फुलपाखराचं राहू दे, माझ्या कालवडींचं वजन किती भरेल ते बोल." बरोबरच आहे की! मग त्यांच्याशी सेरीसियावर बोलायचं. सेरीसिया लेस्पेडीझा ही बाहेरून आणलेली तण, गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि तिच्यासाठी औषध फवारलं की सोबतची सगळी रुंद पानांची रानफुलं मरतात. इथल्या कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीच्या प्रयोगांत दिसलं की तीच जमीन वसंताऐवजी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाळली तर सेरीसियाला बी धरता येत नाही आणि देशी फुलांचं बिघडत नाही. फवारणीचा खर्च वाचतो म्हटल्यावर म्हातारेबुवा खाली उतरले. पाण्याच्या टाक्यांत जाळीचा उतार बसवायलाही लगेच तयार झाले, कारण पडलेला पक्षी बाहेर निघू शकला नाही की मरून पाणी नासवतो.

या कामात सरकारची एनआरसीएस नावाची संस्था आहे, १९३५ साली धुळीच्या वादळांनी शेतं उडाली तेव्हा माती वाचवायला सुरू झालेली. ती रँचरशी करार करते, ठरलेलं काम केलं की खर्चाचा वाटा देते, आणि करार करायचा की नाही ते रँचरने ठरवायचं, जबरदस्ती नाही.

आता लगेच कुणी म्हणेल बघा अमेरिका कशी! थांबा. ज्या कॉ या इथल्या मूळ आदिवासी लोकांच्या नावावरून या राज्याचं नाव पडलं त्यांनाच १८७३ मध्ये इथून ओक्लाहोमात हाकललं, आणि मग ही जमीन 'मालकीची' झाली. आज करारावर सही कोण करतो, तर ज्याच्या नावावर जमीन आहे तो. माझ्या मते आपल्याकडे गाडी नेमकी इथंच अडते. धनगराकडे गवताचं ज्ञान आहे, पवन्या कुठं येतो, मारवेल कधी चारायचं हे त्याला पाठ असतं, पण माळ त्याच्या नावावर नाही, त्यामुळे त्याच्याशी करार करायचा कुणी आणि कशावर?

उलट आपण माळाला सरकारदरबारी 'पडीक' म्हणतो आणि २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचं टार्गेट घेतो. सोलापूरकडच्या माळावर गिरीपुष्प लावून माळढोक येणार आहे का? माळढोक, लांडगा, चिंकारा, सगळी उघड्या रानातली जनावरं, त्यांना सावली नको, गवत हवं. हे लिहिताना चिडचिड होते खरी.

चराईबंदीवाल्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे, एकाच जागी वर्षभर मेंढ्या बसल्या तर माळ उजाड होतोच. पण वर्षानुवर्षं त्या एका जागी बसत नव्हत्या, कळप फिरत होता, आता त्याच्या वाटा रस्ते, प्लॉट, कुंपणं यांनीच अडवल्यात. २००६ च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्क लिहिलेला आहे, पण आदिवासी नसलेल्यांना त्यासाठी ७५ वर्षांचा, म्हणजे तीन पिढ्यांचा पुरावा मागतात, आणि जो आयुष्यभर चालत राहिला त्याने एका गावचा कागद आणायचा कुठून?

मी परवा दादाला म्हटलं, आधी कळपांचे जुने मार्ग धनगरांकडूनच नकाशावर काढून घ्या, तोच पुरावा धरा, मग माळाचे तुकडे करून कुठला कधी मोकळा आणि कुठला बंद ते त्यांच्याशी बसून ठरवा, आणि बंद ठेवलेल्या तुकड्याची भरपाई द्या. आपल्याकडे जाळा असं मी म्हणत नाहीये, ते तिथलं गवत आणि तिथली माणसं ठरवतील. दादा म्हणाला, "तुमच्याकडे एकेकाला हजार एकर, इथं कुठून आणायची एवढी जागा?" जागा कमी आहे हे खरंच, पण तुकडे आलटूनपालटून चारायला हजार एकर लागत नाहीत, गावचं पन्नास एकराचं गायरान असलं तरी चालतं, फक्त त्यावर आधी चर खणलेले नसावेत.